घराच्या विम्याचा हप्ता वाढला. सोडून द्यायचा का?

हप्ता वाढून आला की ‘एवढ्या वर्षांत काय झालंय?’ असं वाटतंच. पण ऑगस्ट 2019 चा पूर चिकोडी-निपाणीकडचे लोक विसरलेले नाहीत. विमा सोडण्याआधी विम्याची रक्कम तपासा. काहीजण जागेच्या किमतीसकट आकडा धरतात, अन् हप्ता उगाच फुगतो. पुरात जागा कुठं जात नाही, भिंती पडतात. 1 एप्रिल 2021 पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पुन्हा बांधण्याचाच खर्च धरतात. समजा 1,000 चौरस फूट, दर 1,800 रुपये. म्हणजे 18 लाख. सामानाला त्याच्या 20 टक्के, 3 लाख 60 हजारांचं संरक्षण त्यातच येतं. गृहकर्ज चालू असेल तर बँकेला विचारल्याशिवाय सोडू नका. कर्ज फिटलंय आणि तेवढे 18 लाख बाजूला पडून आहेत, अशांनाच विम्याशिवाय राहणं परवडेल.