अक्षरसंचातून दीर्घ इंग्रजी शब्दांचा शोध

दिलेल्या रोमन अक्षरांपासून बनणारा, किंवा ती सर्व अक्षरे ज्यात येतात असा, शक्य तितका लांब इंग्रजी शब्द शोधणे हा एक शब्दखेळ आहे. स्क्रॅबल, ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील 'काउंटडाउन' आणि न्यूयॉर्क टाइम्समधील 'स्पेलिंग बी' हे खेळ याच शोधाची वेगवेगळी रूपे आहेत. यात शब्दाचा अर्थ आणि उच्चार गौण असतो. स्पेलिंगमध्ये कोणते अक्षर किती वेळा येते एवढेच पाहिले जाते. बहुतांशी उच्चारानुसार लिहिल्या जाणाऱ्या मराठीच्या वाचकाला ही गोष्ट सुरुवातीला अडते. 'ग्रॅनाइट' आणि 'टिअरिंग' हे शब्द कानाला परस्परांशी संबंध नसलेले वाटतात, परंतु दोन्हींच्या इंग्रजी स्पेलिंगमधील सातही अक्षरे तीच आहेत.

नियमांतील फरक

वरवर एकच वाटणाऱ्या या कोड्याचे किमान तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते.

पहिल्या प्रकारात प्रत्येक अक्षर एकदाच वापरता येते. काउंटडाउनमध्ये स्पर्धकाला नऊ अक्षरे मिळतात आणि ३० सेकंदांत सर्वांत लांब शब्द सांगायचा असतो. प्रत्येक अक्षराला एक गुण मिळतो. नऊही अक्षरे वापरल्यास १८. हा कार्यक्रम २ नोव्हेंबर १९८२ रोजी चॅनल ४ या वाहिनीच्या उद्घाटनाच्या दिवशी सुरू झाला. त्याचे मूळ फ्रेंच आहे. १९६५ मध्ये सुरू झालेल्या मूळ फ्रेंच कार्यक्रमाच्या नावाचा अर्थच 'सर्वांत लांब शब्द' असा होता.

दुसऱ्या प्रकारात अक्षरांची पुनरावृत्ती चालते. स्पेलिंग बीमध्ये सात अक्षरे असतात, त्यांपैकी मधले अक्षर प्रत्येक शब्दात आलेच पाहिजे. कळफलकावरील अक्षरांच्या सर्वांत वरच्या ओळीतून शब्द शोधणे हेही याच प्रकारचे कोडे. तिचे नेहमीचे उत्तर 'टाइपरायटर' (१० अक्षरे) असे दिले जाते; मात्र 'प्रोप्रायटर', 'रेपर्त्वार' व 'पर्पेच्युइटी' हे शब्दही त्याच ओळीत आणि तितक्याच लांबीचे आहेत. मधल्या ओळीत 'ए' हा एकच स्वर असल्याने तेथे 'अल्फाल्फा'सारख्या मोजक्या शब्दांवर भागवावे लागते. खालच्या ओळीत तर स्वरच नाही.

तिसऱ्या प्रकारात दिलेली अक्षरे शब्दात असणे आवश्यक असते, पण इतर अक्षरेही चालतात. इंग्रजीतील पाचही स्वर असलेले शब्द हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. 'फसीशस' व 'अॅब्स्टीमिअस' या शब्दांत ते वर्णमालेच्या क्रमाने, प्रत्येकी एकदाच येतात. भाजीवाल्याकडचा 'कॉलिफ्लॉवर'ही पाचही स्वर बाळगून असतो, क्रम मात्र वेगळा. 'सबकॉन्टिनेंटल' (उपखंडीय) या १४ अक्षरी शब्दात तेच स्वर नेमके उलट क्रमाने येतात.

शोधाच्या पद्धती

नऊ वेगवेगळ्या अक्षरांच्या एक ते नऊ अक्षरी मांडण्या ९,८६,४०९ होतात. त्या मनात फिरवून पाहणे अशक्य असल्याने अनुभवी खेळाडू 'आयएनजी', 'ईडी', 'ईआर' यांसारखे प्रत्यय आणि 'आरई', 'यूएन' हे उपसर्ग प्रथम बाजूला काढतात व उरलेल्या अक्षरांचाच विचार करतात.

स्क्रॅबलमध्ये सातही सोंगट्या एका खेळीत लावल्यास ५० जादा गुण मिळतात. त्यामुळे खेळाडू काही सहा अक्षरी संच पाठ करतात. 'रेटिना' हा त्यांपैकी एक. त्यात 'सी' मिळवल्यास 'सर्टन', 'पी' मिळवल्यास 'पेंटर', 'रिपेंट' व 'पर्टेन', 'एम' मिळवल्यास 'मिनरेट', 'एल' मिळवल्यास 'रिलायंट' आणि 'जी' मिळवल्यास वर उल्लेखिलेले 'ग्रॅनाइट' व 'टिअरिंग' तयार होतात.

संगणकासाठी याहून सोपी युक्ती आहे. मांडण्या तयार न करता शब्दकोशातील प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून त्याची खूण तयार केली जाते. 'ग्रॅनाइट' आणि 'टिअरिंग' या दोन्हींची खूण ए-ई-जी-आय-एन-आर-टी अशी एकच येते. मिळालेली अक्षरेही तशीच लावली की सर्व अक्षरे वापरणारे शब्द एका फटक्यात सापडतात. काही अक्षरे सोडून बनणारे शब्द हवे असल्यास उपसंच तपासावे लागतात, आणि नऊ अक्षरांचे उपसंच फक्त ५११ आहेत. दहा लाखांच्या घरातील काम अशा रीतीने पाचशेवर येते.

शब्दसूचीचा प्रश्न

'सर्वांत लांब' हे उत्तर कोणत्याही कोड्यात निरपेक्ष नसते. ते शब्दसूचीवर ठरते. काउंटडाउनमध्ये ऑक्सफर्डचा शब्दकोश प्रमाण मानला जातो, स्पेलिंग बीचे संपादक अपरिचित शब्द स्वतः गाळतात, तर उत्तर अमेरिकेतील स्क्रॅबल स्पर्धांची सूची ब्रिटनमधील कॉलिन्सच्या सूचीपेक्षा लहान आहे. एकही अक्षर पुन्हा न येणारा 'अनकॉपीराइटेबल' हा १५ अक्षरी शब्द वारंवार उद्धृत केला जातो, पण तो व्यवहारात क्वचितच कोणी वापरत असेल. बोटांच्या ठशांच्या अभ्यासाचे नाव असलेला, तितक्याच लांबीचा 'डर्मटोग्लिफिक्स' हा त्यापेक्षा सबळ दाखला ठरतो.

भाषेचे ज्ञान आणि शब्दसूचीचे ज्ञान यांतील अंतर २०१५ मध्ये ठळकपणे दिसले. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना, केवळ शब्दसूची पाठ करून फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद पटकावले.

देवनागरीतील अडचण

हा खेळ मराठीत जसाच्या तसा आणता येत नाही. रोमन लिपीत अक्षर सुटे असते. देवनागरीत व्यंजन, काना-मात्रा व जोडाक्षर मिळून एक एकक बनते. मराठी शब्दकोड्यांत 'विद्यार्थी' हा शब्द वि, द्या, र्थी अशा तीन चौकटींत बसतो. अशा एककांची संख्या शेकड्यांत जात असल्याने त्यांच्या सोंगट्या करणे कठीण होते. उलट मात्रा सुट्या केल्या, तर चौकटीत नुसती वेलांटी उरते आणि ती कोणत्या व्यंजनाची हे वाचणाऱ्याला कळत नाही.