२५ जुलै कुणी ठरवली?

राष्ट्रपतींच्या शपथविधीला थाट कमी नसतो. अंगरक्षकांचं घोडदळ असतं, २१ तोफांची सलामी असते. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये शपथ झाली की मावळते आणि नवे राष्ट्रपती उठून एकमेकांच्या खुर्चीत बसतात. पण मला या सगळ्यापेक्षा चक्रावून टाकते ती तारीख. १९७७ साली नीलम संजीव रेड्डींनी २५ जुलैला शपथ घेतली. मग झैलसिंग, व्यंकटरमण, शर्मा, नारायणन, कलाम, आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील, मुखर्जी, कोविंद आणि २०२२ मध्ये मुर्मू. दहाही जणांची तारीख तीच.

संविधान उघडून बघावं, तर कलम ६० मध्ये शपथेचा शब्दन् शब्द आहे आणि ती सरन्यायाधीशांसमोर घ्यायची हेही आहे. २५ जुलैचा उल्लेख मात्र कुठेच नाही. ही तारीख कुणी ठरवलेलीच नाही. ती घडत गेली, आणि तिच्यामागे दोन मृत्यू आहेत.

राजेंद्रप्रसादांनी पहिली शपथ घेतली २६ जानेवारी १९५० ला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, १९५२ मध्ये, ते रीतसर निवडून आले तेव्हा तारीख पडली १३ मे. १९५७, १९६२, १९६७ मध्येही तीच. हीच परंपरा होणार असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं.

पण ३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकीर हुसेन पदावर असतानाच गेले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कार्यभार पाहू लागले आणि निवडणूक लढवण्यासाठी जुलैत त्यांनी राजीनामा दिला. आता देशाला ना राष्ट्रपती, ना उपराष्ट्रपती! मग महिनाभर हंगामी राष्ट्रपती झाले सरन्यायाधीश हिदायतुल्ला, म्हणजे नागपुरात वकिली केलेले आणि तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. अशी वेळ आली तर काय करायचं याचा कायदा त्याच मे महिन्यात झाला होता, हे नशीबच. गिरी जिंकले आणि त्यांनी शपथ घेतली २४ ऑगस्टला.

इथे खरी मेख आहे ती कलम ६२ ची. पद अचानक रिकामं झालं तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची, आणि निवडून येणाऱ्याला उरलेला काळ नव्हे, पूर्ण पाच वर्षं द्यायची. म्हणजे प्रत्येक अकाली मृत्यूनंतर घड्याळ शून्यापासून सुरू! अमेरिकेत तसं नाही. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली, उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी डॅलसमध्ये विमानातच शपथ घेतली. पण त्यांच्या वाट्याला आला तो केनेडींचा उरलेला काळ. म्हणून तिथली शपथविधीची २० जानेवारी हलली नाही.

आपली २४ ऑगस्टही टिकली नाही. गिरींनंतरचे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमदही पदावर असतानाच ११ फेब्रुवारी १९७७ ला गेले. राष्ट्रपती निवडतात खासदार आणि आमदार. त्या वर्षी मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक झाली, जूनमध्ये अनेक विधानसभांच्या. सहा महिन्यांची मुदत ऑगस्टमध्ये संपणार. उरला जुलै. ३७ अर्ज आले, ३६ बाद झाले, रेड्डी बिनविरोध निवडून आले आणि २५ जुलै कॅलेंडरला चिकटली. त्यानंतर एकही राष्ट्रपती पदावर असताना गेले नाहीत, कुणी मध्येच पायउतारही झालं नाही, म्हणून ती तशीच राहिली.

गंमत म्हणून एक हिशेब करून पाहा. ते दोघे गेले नसते, सगळं सुरळीत चाललं असतं, तर १९६७ नंतरचे शपथविधी १९७२ आणि १९७७ मध्ये झाले असते. दोन कार्यकाळ अर्ध्यावर तुटले, क्रम दोनदा विस्कटला, आणि तरी गाडी पुन्हा नेमकी १९७७ वरच आली! वर्ष जागच्या जागी राहिलं. तारीख तेवढी १३ मेपासून दोन महिने बारा दिवस पुढे सरकली.