कर्करोगानंतर हार्मोन घ्यावेत का?

पस्तिशीतल्या बाईचे अंडाशय काढले किंवा रेडिएशनने निकामी झाले, की पाळी एकदम जाते. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, योनीमार्ग कोरडा पडतो. त्यावर घरातून ऐकायला मिळते, 'जिवावरचं टळलं ना, मग एवढं सोस.' पुष्कळ जणींना हे सोसण्याची गरज नसते; अंडाशयाबरोबर गेलेले इस्ट्रोजेनसारखे हार्मोन औषधातून भरून काढता येतात.

गैरसमज: कर्करोग झाला की हार्मोन कायमचे वर्ज्य.

वस्तुस्थिती: कर्करोग कोणत्या अवयवाचा आणि कोणत्या पेशींचा, यावर ते ठरते. भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाचा कर्करोग आढळतो. त्यातला बहुतांश स्क्वॅमस प्रकारचा असतो; तो एचपीव्ही विषाणूमुळे होतो, इस्ट्रोजेनवर वाढत नाही. या स्त्रियांना हार्मोन नाकारण्याला आधार नाही. मात्र रेडिएशननंतर गर्भपिशवी जागेवर असेल, तर इस्ट्रोजेनला प्रोजेस्टेरॉनची जोड हवी, कारण पिशवीच्या अस्तराच्या काही पेशी जिवंत राहिलेल्या असू शकतात.

त्या अस्तराच्याच कर्करोगात भीती जास्त, कारण तो बहुधा इस्ट्रोजेनला प्रतिसाद देतो. तरी सुरुवातीच्या टप्प्यात शस्त्रक्रिया झालेल्या १२३६ स्त्रियांवरील, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत इस्ट्रोजेन घेणाऱ्या २.३ टक्के, तर न घेणाऱ्या १.९ टक्के स्त्रियांत रोग उलटला. चाचणी मुदतीआधी थांबल्याने हा अंतिम निकाल नव्हे. पण सरसकट बंदीला त्यातून बळ मिळत नाही.

नकार योग्य अशाही जागा आहेत: अंडाशयाचा ग्रॅन्युलोसा पेशींचा ट्यूमर, गर्भाशयाचे काही सार्कोमा, आणि सोबत स्तनाचा कर्करोग असेल तेव्हा.

गैरसमज: हार्मोनमुळे स्तनाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झाले आहे.

वस्तुस्थिती: ही धास्ती २००२ च्या अमेरिकी अभ्यासातून आली. त्यातल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि त्या दोन्ही हार्मोन एकत्र घेत होत्या. गर्भपिशवी काढलेल्या व नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. शिवाय पस्तिशीतली बाई शरीराने पन्नाशीपर्यंत जे बनवले असते, तेच भरून काढत असते. ते न मिळाल्यास हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी ही उणीव भरत नाही. रक्ताच्या गुठळ्यांची भीती असेल, तर गोळीपेक्षा त्वचेवरचा पॅच किंवा जेल बरे.

पुढच्या तपासणीला जाताना पॅथॉलॉजीचा रिपोर्ट सोबत न्या आणि डॉक्टरांना थेट विचारा: माझ्या प्रकारच्या कर्करोगात हार्मोन चालतील का, आणि चालणार नसतील तर नेमके का?