यकृतांतील गांठ : मूळची कीं आगंतुक?

माण किंवा जत तालुक्यांतील एखादा शेतकरी उजव्या बरगडीखालीं दुखूं लागलें, अन्न जाईनासें झालें, म्हणून साताऱ्यास किंवा सांगलीस येतो. डॉक्टर सोनोग्राफी करावयास सांगतात. खोलीच्या दारावर गर्भलिंगतपासणी होत नसल्याचा फलक असतो. 1994 च्या कायद्याखालीं तो सक्तीचा आहे, आणि त्यामुळेंच कीं काय, हें यंत्र गरोदर स्त्रियांपुरतेंच असा पुष्कळांचा ग्रह आहे. कागदावर ‘यकृतांत गांठी’ हे दोन शब्द दिसतांच घरचीं माणसें हातपाय गाळतात. परंतु खरा प्रश्न पुढेंच आहे. गांठ कर्करोगाची असेल, तर ती यकृतांतच उपजली, कीं दुसरीकडून येऊन तेथें वसली?

हा प्रश्न पंडिती नव्हे. आतड्यांचें, जठराचें व स्वादुपिंडाचें रक्त यकृतांतून गाळून पुढें जातें. म्हणून तेथील रोगाचें बीं यकृतांत सहज अडकतें. स्तनांतील व फुप्फुसांतील रोगही तेथें पोंचतो. अशा आगंतुक गांठीस औषध मूळ स्थानाचेंच द्यावें लागतें. मूळची गांठ बहुधा ‘बी’ किंवा ‘सी’ जातीच्या काविळीनें अथवा मद्यानें निबर झालेल्या यकृतांत उद्भवते. ती कापून वा जाळून काढतां येते, क्वचित् यकृतच बदलतात. नांव चुकलें कीं उपाय चुकला.

मनुष्याच्या कानास सेकंदाला 20,000 कंपनांपलीकडचा ध्वनि ऐकूं येत नाहीं. पोटाच्या तपासणींत 20 ते 50 लक्ष कंपनांचा ध्वनि सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र काढतात. यकृत खडबडीत व त्यांत एकच मोठी गांठ, तर संशय मूळच्या रोगाचा. बाकीचें यकृत स्वच्छ, पण गोल गांठी अनेक आणि त्यांभोंवतीं काळसर कडें, तर आगंतुकाचा. मात्र हा अंदाजच. रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गांठही कधीं कधीं फसविते.

कराडास कृष्णा-कोयनांचा संगम होतो, तसा यकृतांत दोन रक्तांचा होतो. सुमारें तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडील नीलेचें, बाकीचें हृदयाकडील रोहिणीचें. निरोगी यकृत मुख्यतः नीलेवर पोसतें. कर्करोग रोहिणीचें रक्त ओढतो. हा भेद पाहण्यासाठीं हाताच्या शिरेंत वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे टोंचतात. ते तांबड्या रक्तपेशींहून लहान असतात व कांहीं मिनिटांत त्यांतील वायु श्वासावाटे निघून जातो. ते जेथें असतील तेथें पडदा उजळतो. रोहिणीच्या वाटेनें ते दहा-वीस सेकंदांत पोंचतात. तेव्हां मूळची गांठ बहुधा सबंध उजळते, आणि मिनिट उलटल्यावर किंचित् मंदावते. आगंतुक गांठ पुष्कळदां कडेनेंच उजळते, मिनिटाच्या आंत विझूं लागते, आणि मग उजळ यकृतांत काळें भोंक पडल्यासारखी दिसते. यंत्र तेंच, पण घड्याळाकडे लक्ष ठेवून पाहणारा कसबी डॉक्टर हवा. ही परीक्षा प्रत्येक केंद्रांत होत नाहीं.

इतकें करूनही यकृतांतीलच पित्तनलिकांचा कर्करोग आगंतुकासारखा वागून चकवितो. म्हणून रक्ततपासणी करतात, सी.टी. काढतात, रोग्याची जुनी कावीळ, पूर्वीचें ऑपरेशन विचारतात; घरच्यांनीं जुने कागद बरोबर न्यावेत. तरीही उलगडा न झाल्यास सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहतच सुई गांठींत नेतात आणि शेवईएवढा तुकडा काढतात. 1894 सालीं डॉ. वॉनलेस यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून या भागांतले लोक अवघड दुखण्यास मिरजेची वाट धरीत आले आहेत. तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला जाईपर्यंत चार-सहा दिवस लागतात, आणि तोंवर औषध ठरवितां येत नाहीं.