कोन आणि कळ : अमेरिकी माजी सैनिकांच्या पाठदुखीच्या अपिलांचा मागोवा

अमेरिकेत सेवाकाळात जडलेल्या व्याधीबद्दल माजी सैनिकाला दरमहा मिळणारी भरपाई अपंगत्वाच्या टक्केवारीवर, म्हणजे त्या व्याधीमुळे कमावण्याच्या क्षमतेत सरासरी किती घट होते याच्या सरकारी मोजमापावर, ठरते. ही टक्केवारी अन्यायकारक वाटली तरी १९८८ पर्यंत न्यायालयाचे दार जवळपास बंदच होते, आणि अशा दाव्यासाठी वकिलाने १० डॉलरहून अधिक शुल्क घेऊ नये हा १८६४ चा नियमही तोवर टिकून असल्याने वकील तिकडे फारसे फिरकत नसत. १९८८ च्या कायद्याने स्वतंत्र न्यायालय आले आणि पाठीच्या दुखण्याचे मोजमाप कसे करावे हा वाद तिथे रंगू लागला.

२००३ पासूनच्या कोष्टकात कमरेतून पुढे वाकण्याचा सामान्य आवाका ९० अंश धरला आहे. तो ३० च्या वर पण ६० पर्यंतच असल्यास २० टक्के, ३० किंवा त्याहून कमी असल्यास ४० टक्के मिळतात आणि त्यापुढे जायचे तर मणके एकाच स्थितीत जखडलेले असावे लागतात. मणक्यांमधील चकतीच्या विकारासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या अंथरुणातील विश्रांतीचे आठवडे मोजण्याची वेगळी सोय आहे खरी, पण अशी विश्रांती सांगणे वैद्यकानेच एव्हाना बरेचसे सोडून दिले आहे. तपासणीच्या दिवशी कोनमापकावर ५० अंश भरणारा माणूस दुखणे उसळले की बुटाची नाडीही बांधू शकत नाही, ही खरी अडचण.

तिच्यावरचा उतारा पाठीच्या नव्हे, तर इतर सांध्यांच्या खटल्यांतून आला. ‘डीलुका’ (१९९५) या खांद्याच्या प्रकरणात वेदनेमुळे हालचालीत पडणारी आणखी घट विचारात घेणे बंधनकारक ठरले, तर ‘साँडर्स’ (२०१८) या गुडघ्यांच्या प्रकरणात निदान झाले नसले तरी कार्यक्षमता घटवणारी वेदना हे स्वतःच अपंगत्व ठरू शकते, असे वरिष्ठ न्यायालयाने मान्य केले. मधल्या ‘शार्प’ (२०१७) निकालाने, दुखणे उसळलेले नसताना तपासले एवढ्याच सबबीवर डॉक्टरला अंदाज टाळण्यास मज्जाव केला.

फेब्रुवारी २०१९ पासून असमाधानी सैनिकापुढे तीन वाटा आहेत : नवा पुरावा जोडून पुरवणी दावा, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी किंवा अपील मंडळ; निर्णयापासून वर्षाच्या आत यांपैकी एक धरल्यास भरपाईची मूळ तारीख शाबूत राहते. फेरतपासणीत नवा पुरावा चालत नाही, तरीही उसळीबद्दल काही विचारलेच नाही असे जुन्या अहवालावरून दिसल्यास प्रकरण नव्या वैद्यकीय तपासणीसाठी परत पाठवता येते.