सागराच्या पोटात

आमचा वाशीम जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. येथील कित्येक मुलांनी समुद्र अद्याप पाहिलेलाही नसेल. तरीही समुद्राशी आमचे नाते आहेच. या जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. पैनगंगेचे पाणी मात्र वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरात पोहोचते. एकाच जिल्ह्यात पडलेले पावसाचे दोन थेंब असे दोन वेगळ्या समुद्रांना जाऊन मिळतात. जेथे आपले पाणी जाते, त्या समुद्राच्या पोटात काय असेल? माणसाला तेथे उतरून ते पाहता येईल काय?

होय, पाहता येते. आणि त्यासाठी परदेशी जाण्याचेही कारण नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाचे एक लहानसे खडकाळ बेट आहे. १६६४ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी याच बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत तेथे बलाढ्य जलदुर्ग उभा राहिला. चहूकडे खारे पाणी असूनही किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. किल्ल्याची तटबंदी पाहावयास हजारो लोक जातात. पण अलीकडच्या काळात तटाबाहेरच्या पाण्याखाली उतरणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. पावसाळा संपून समुद्र शांत झाला, की पाठीवर हवेची टाकी बांधलेले लोक होडीतून अलगद पाण्यात उतरतात आणि सहा ते दहा मीटर खोलीवर माशांच्या थव्यात विहार करतात. या विद्येला ‘स्कूबा’ म्हणतात. ‘पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण साधन’ अशा अर्थाच्या पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून हे नाव बनले आहे. मालवणजवळ तारकर्ली येथे ही विद्या शिकविणारी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची संस्था आहे.

पाण्याखाली जाण्यात अडचण कोणती? केवळ श्वासाची, असे आपल्याला वाटते. परंतु पहिली अडचण दाबाची आहे. ज्या मुलांनी विहिरीत सूर मारून तळाची माती वर आणली असेल, त्यांना याचा अनुभव आहे. दोन पुरुष खोल गेले, की कान दुखू लागतात. असे का होते? आपल्या भोवतालची हवा आपल्या शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम भार टाकीत असते. पाणी हवेहून कितीतरी पटींनी जड असल्यामुळे दर दहा मीटर खोलीस तेवढाच भार आणखी वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. बाहेरचे पाणी कानाचा पडदा आत ढकलते आणि कान ठणकू लागतो. घशापासून कानाच्या आतील पोकळीपर्यंत एक बारीक नळी असते. पाणबुड्या नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकतो. ती या नळीवाटे आत जाते, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि दुखणे थांबते. दुखत असताना बळेच खाली गेल्यास मात्र कानाचा पडदा फाटण्याची भीती असते.

आता श्वासाचा विचार करू. एखादा चतुर विद्यार्थी विचारील, “गुरुजी, लांब पोकळ नळीचे एक टोक पाण्याबाहेर ठेवून दुसरे तोंडात धरले, तर काय बिघडेल?” चला, हिशेब करून पाहू. तीस सेंटीमीटर लांब व तीस सेंटीमीटर रुंद छाती धरली, तर तिचे क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटीमीटर होते. केवळ एक मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर १०० ग्रॅम जादा भार येतो. म्हणजे छातीवर एकूण ९० किलोग्रॅम! ज्वारीचे भरलेले पोते छातीवर ठेवून श्वास घेण्यासारखेच हे झाले. नळीतून येणारी हवा मात्र जमिनीवरच्याच दाबाची असते. ती आत ओढण्याचे बळ आपल्या स्नायूंत नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पाण्याखाली हवा मिळणे पुरेसे नाही. भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा मिळाली पाहिजे.

हे कोडे १९४३ साली फ्रान्समध्ये दोघांनी मिळून सोडविले. एक होते नौदलातील अधिकारी झाक कुस्तो आणि दुसरे अभियंता एमील गान्यान. त्यांनी पाठीवरच्या टाकीत हवा दाबून भरली आणि तोंडाशी येणाऱ्या नळीवर एक विलक्षण झडप बसविली. या झडपेत रबराचा पातळ पडदा असतो. त्याच्या एका बाजूस समुद्राचे पाणी व दुसऱ्या बाजूस श्वासाची हवा असते. पाणबुड्याने श्वास ओढला, की पडदा आत झुकतो, एक लहान दांडी दाबली जाते आणि टाकीतील हवा येऊ लागते. भोवतालच्या पाण्याइतका हवेचा दाब झाला, की पडदा जागेवर येतो आणि हवा थांबते. खोली वाढली, की पाणी पडद्यावर अधिक जोर देते. म्हणून हवाही तितक्याच अधिक दाबाने मिळते. सोडलेला श्वास बुडबुड्यांच्या रूपाने वर निघून जातो. एवढ्या साध्या युक्तीने माणसाला सागराचे दार उघडून दिले.

पण ही शिदोरी अमर्याद नसते. बारा लिटरच्या टाकीत २०० पट दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते. माणसाला मिनिटाला वीस लिटर हवा लागते असे धरले, तर जमिनीवर ती दोन तास पुरेल. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असल्यामुळे प्रत्येक श्वासात दुप्पट हवा खर्च होते; म्हणून तीच टाकी एक तास पुरते. तीस मीटरवर तर अर्धाच तास! म्हणून शहाणा पाणबुड्या दाबमापकावर सदैव नजर ठेवतो आणि टाकीतील पाव हिस्सा हवा परतीसाठी राखून ठेवतो.

स्कूबाच्या शास्त्रातील पहिला नियम असा : श्वास कधीही रोखून धरू नये. दहा मीटर खोलीवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत फुगून दुप्पट होते. पाणबुड्या घाबरला, त्याने तोंड घट्ट मिटले आणि तो झपाट्याने वर आला, तर त्याची फुप्फुसे फाटू शकतात. म्हणून वर येताना शांतपणे श्वासोच्छ्वास चालू ठेवावा लागतो.

दुसरा नियम, सावकाश वर यावे. आपण घेतो त्या हवेत चार पंचमांश भाग नत्रवायू असतो. अधिक दाबाखाली तो रक्तात व शरीरात विरघळतो. सोड्याची बाटली एकदम उघडली, की फसफसून बुडबुडे येतात. हळूहळू उघडली, तर येत नाहीत. तीच गोष्ट शरीराची आहे. घाईने वर आल्यास नत्रवायूचे बुडबुडे होऊन सांधे भयंकर दुखतात, हातपाय लुळे पडतात, प्रसंगी प्राणही जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ साली या व्याधीचे कारण दाखवून दिले आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. या प्रयोगांच्या काळात हॉल्डेन यांचा तेरा वर्षांचा मुलगाही पाणबुड्याचा पोशाख चढवून समुद्रात उतरला होता. पोशाख त्याला मोठा होत असल्याने आत पाणी शिरले, तरी तो डगमगला नाही. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन या नावाने थोर जीवशास्त्रज्ञ झाला. १९५७ साली ते भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. आज पाणबुडे मिनिटाला नऊ मीटरपेक्षा अधिक वेगाने वर येत नाहीत. लागोपाठ बुड्या मारल्यावर अठरा तास तरी ते विमानात बसत नाहीत. कारण उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात उरलेल्या नत्रवायूचे बुडबुडे होऊ शकतात.

एवढे सायास करून पाण्याखाली उतरलेल्याला काय दिसते? प्रथम रंगांची मौज पाहा. पाणी सूर्यप्रकाशातील तांबडा रंग सर्वांआधी गिळून टाकते. म्हणून थोड्याच खोलीवर तांबड्या वस्तू काळपट दिसू लागतात आणि सारे जग निळेहिरवे होते. काचेच्या चष्म्यातून प्रत्येक वस्तू जवळ आणि मोठी भासते. त्यामुळे वीतभर मासा पाहून आल्यावर कोणी हातभर सांगितला, तर त्याला लगेच खोटारडा म्हणू नये! आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. म्हणून होडीचे यंत्र ऐकू येते, पण ती कोणत्या दिशेस आहे हे कळत नाही. बोलता तर येतच नाही. सारा संवाद हातांच्या खुणांनी चालतो. तर्जनी व अंगठा जुळवून गोल केला, की ‘ठीक आहे’. अंगठा वर केला, तर मात्र ‘छान’ नव्हे. ‘वर चला’ असा त्याचा अर्थ!

सिंधुदुर्गाजवळच्या खडकांवर प्रवाळ आहेत, समुद्रफुले आहेत, काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे चपळ मासे आहेत. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो असंख्य चिमुकल्या प्राण्यांचा गाव आहे. हे प्राणी पाण्यातील चुना घेऊन आपली घरे बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला देते, आणि यजमान त्याला आसरा देतो. असे हे बांधकाम फार सावकाश चालते. घट्ट गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो. लक्षद्वीपची बेटे तर या प्राण्यांच्याच परिश्रमातून पाण्याबाहेर आली आहेत. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, भर समुद्रात, असेच एक बुडालेले प्रवाळ-पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्यास ‘आंग्रिया बँक’ म्हणतात.

हे वैभव नाजूक आहे. पाणी नेहमीपेक्षा अंशा-दोन अंशांनी अधिक काळ तापले, की प्रवाळातील शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. उष्णता लवकर ओसरली नाही, तर तो मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी लक्षद्वीपच्या प्रवाळांवर असाच घाला पडला. माणसाच्या एका लाथेने किंवा होडीच्या नांगरानेही शेकडो वर्षांचे घर क्षणात मोडते. म्हणून १९८७ साली मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटर भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि २००१ पासून भित्ती उभारणाऱ्या प्रवाळांना वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण मिळाले. तथापि त्याच पाण्यावर रापण ओढणाऱ्या मच्छीमारांची चूलही पेटते. म्हणून नियम करताना त्यांचे ऐकून घेतले पाहिजे. आणि समुद्र उजाड झाला तर त्यांचीच चूल प्रथम विझेल, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पाहुण्याचा धर्म तर अगदी सोपा आहे : पाहावे, पण शिवू नये, आठवण आणावी, पण पोवळे आणू नये.

मुलांनो, शेवटी एक महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची नाव उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. पाणी कोणाचीही भीड धरीत नाही. नावेत बसताना तरंगते जाकीट अंगावर हवेच. पाणबुड्यांचा आणखी एक नियम आहे : एकट्याने कधी उतरू नये. हा नियम गावच्या विहिरीला, तळ्याला आणि धरणालाही तितकाच लागू आहे.

काही मुले पाण्याखाली अधिक वेळ राहण्याची पैज लावतात आणि बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेतात. यासारखी घातक गोष्ट दुसरी नाही. ‘आता श्वास घे’ अशी निकड आपल्याला प्राणवायू कमी झाल्याने नव्हे, तर मुख्यतः रक्तात कर्बवायू साठल्याने जाणवते. भराभर श्वास घेतल्याने कर्बवायू निघून जातो, पण प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. म्हणजे घरात चोर शिरावा आणि राखणदार कुत्रा आधीच बाहेर घालवलेला असावा, तशी गत होते. प्राणवायू संपत येतो, पण शरीर इशारा देत नाही; मूल पाण्यातच बेशुद्ध होते. काठावरचे सोबती मात्र ‘केवढा दम आहे!’ म्हणून टाळ्या वाजवीत राहतात. अशी पैज कोणी लावू लागला, तर त्याला तेथेच थांबवा. तो रागावला तरी चालेल. घरी तर परतेल.

स्वाध्याय

१. दोन पुरुष खोल पाण्यात कान का दुखतात? त्यावर पाणबुडे कोणता उपाय करतात?
२. लांब नळीने पाण्याखाली श्वास का घेता येत नाही, हे हिशेब मांडून सांगा.
३. पाठात दिलेली टाकी वीस मीटर खोलीवर किती वेळ पुरेल?
४. ‘प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे.’ हे विधान स्पष्ट करा.
५. बुडी मारण्यापूर्वी भराभर श्वास घेणे धोक्याचे का आहे, हे आपल्या धाकट्या भावंडाला समजेल अशा भाषेत लिहा.
६. तुमच्या गावाजवळच्या नदीचे पाणी कोणत्या समुद्रास मिळते? नकाशात तिची वाट शोधा.