दुधातील ब-१२ कोठून येते?

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि बेलापूर, पनवेल व उरण परिसरातील भातखाचरांच्या व मिठागरांच्या जागी नवी मुंबई वसू लागली. शहराच्या कडेच्या गावांत मात्र अद्यापही गोठे आहेत. दुधाला जवळच गिऱ्हाईक मिळत असल्याने पुष्कळ घरी धार काढताच किटली बाहेर पडते व घरात चहापुरतेच दूध उरते. दुधाबरोबर घरातून आणखी काय जाते, हे शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

ती वस्तू म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. रक्तातील तांबड्या पेशी तयार होण्यास व मज्जातंतू शाबूत राहण्यास ते लागते. ते भातात, वालात वा पालेभाजीत मिळत नाही. कारण वनस्पती ते बनवीत नाहीत. गाय-म्हैसही ते स्वतः बनवीत नाही. ते कार्य केवळ जिवाणू व त्यांच्यासारखे काही सूक्ष्मजीवच करतात.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठ्या कप्प्यास कोटीपोट म्हणतात. तेथे असंख्य जिवाणू वैरण आंबवीत असतात. त्यांच्या पेशींत विकरे, म्हणजेच एन्झाइमे, असतात व प्रत्येक विकर आपले एकच ठरावीक काम करते. भातलावणीत एकाने रोपे खणावी, दुसऱ्याने मुठी बांधाव्या, तिसऱ्याने लावाव्या, तसाच हा प्रकार होय. ब-१२ पूर्ण होण्यास अशा सुमारे ३० विकरांचे हात लागतात. मध्यभागी कोबाल्ट धातूचा एक अणू बसवावा लागतो. तो नसेल तर सारे काम अडते.

ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत गवत मुबलक असूनही मेंढ्या व गुरे खंगून मरत. कोबाल्टचा अल्प अंश देताच ती सुधारतात, असे तेथील शास्त्रज्ञांनी १९३५ साली दाखविले. १९४८ साली ब-१२ शुद्ध स्वरूपात मिळाले, त्यात कोबाल्ट आढळले आणि हे कोडे सुटू लागले. म्हणून दुभते जनावर नुसत्या पेंढ्यावर ठेवू नये. हिरव्या वैरणीबरोबर कोबाल्ट असलेले खनिज मिश्रण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रोज द्यावे.

आता माणसांकडे वळू. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यानजीकच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. या उणिवेचा परिणाम पोटातील बाळावरही होतो.

आगरी-कोळी घरांत मासळी, सुकट व तिसऱ्या यांतून हे जीवनसत्त्व मिळते. जेथे मासळी, मटण व अंडी वर्ज्य आहेत, तेथे दूध व दही यांचाच मुख्य आधार. पेलाभर दुधातून प्रौढ माणसाच्या रोजच्या गरजेचा साधारण तिसरा हिस्सा भागतो. म्हणून एका पेल्यावरच विसंबू नये.

ग्रामसेवकांनी ही गोष्ट घरोघरी समजावून सांगावी. सतत थकवा येणे, हातापायांना मुंग्या येणे अशी लक्षणे दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. दूध अवश्य विकावे. परंतु किटली भरण्यापूर्वी घरातील गरोदर स्त्रीचा व मुलांचा वाटा बाजूस काढून ठेवावा.